लाल कापडातल्या पस्तीस फ्लॉप्या

दिगंबरबाबूंच्या हातून कागद हरवला, असं बुऱ्हाणपूरच्या तहसिलीत कुणी म्हणालं असतं, तर ऐकणाऱ्याने म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. तेहतीस वर्षं या माणसाने रेकॉर्ड रूम सांभाळली. शाहपूरच्या कुठल्या शेताचा कुठल्या साली वाटा झाला, हे नुसतं विचारायची खोटी. बाबू उठणार, लाल कापडात बांधलेला नेमका बस्ता ओढणार, आणि तुमचा चहा गार व्हायच्या आत फाइल टेबलावर. दोन हजार तीन साली जिल्हा वेगळा झाला, खंडव्याहून ट्रक भरभरून बस्ते आले, बाकीच्या बाबूंनी हात टेकले. यांनी मात्र सात महिने धूळ खात एकेक बस्ता जागेवर लावला.

नेमक्या त्याच सात महिन्यांत मालतीबाई घरी नव्हत्या. मुलगी रजनी ऑस्ट्रेलियात, तिचं पहिलं बाळंतपण. आईला जाणं भागच होतं आणि बाबूंना रजा मिळणार नव्हती. आता गंमत बघा, लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी या नवराबायकोने एकमेकांना एक ओळ कधी लिहिलेली नव्हती. लिहिणार कधी? बाईंचं माहेर चांदनी, गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. सकाळी जायच्या, दिवेलागणीला परत.

रजनीने जाण्याआधी वडिलांसाठी कॉम्प्युटर घेऊन दिला होता. फोन महाग पडतो, मेल लिहीत जा, असं तिने दोघांनाही बजावलं. मालतीबाई एका बोटाने रोमन अक्षरांत मराठी ठोकायला शिकल्या आणि सुटल्याच. समोर असताना जी बाई ‘जेवायला वाढू का’ याच्या फारशी पुढे गेली नाही, ती पानपानभर लिहायला लागली. लिहिताना लेकीला खोलीत थांबू द्यायची नाही. रजनी फोनवर हसत सांगायची की, बाबा, लग्नातल्या उखाण्यानंतर आईने तुमचं नाव कधी घेतलं नव्हतं, आता पत्ता टाकायला दर वेळी सगळ्यात आधी तेच टाइप करते.

आणि बाबू? थकून घरी येत, मोडेमची किरकिर ऐकत बसत, चष्मा सावरत भराभर वाचत. मग सरकारी माणसाला शोभेल असं उत्तर: पत्र मिळालं, इकडे सर्व ठीक, बस्ते अजून बाकी आहेत. त्यानंतर आवक रजिस्टरात नोंद. होय, बायकोच्या पत्रांचं आवक रजिस्टर! हातच तसा वळलेला, त्याला ते तरी काय करणार. क्रमांक, तारीख, विषय, कार्यवाही, आणि सगळं ऑफिसच्या हिंदीत. सात महिन्यांत नोंदी झाल्या एकशे त्रेचाळीस.

बाई परतल्या. पुढच्या वर्षी श्रावणात एका सकाळी कणीक मळता मळता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. घरात त्यांचे फोटो होते, लुगडी होती, पितळेचे डबे होते. पण त्यांचं बोलणं म्हणाल तर ते फक्त त्या एकशे त्रेचाळीस पत्रांत होतं. बाबूंना ती पुन्हा वाचायची होती आणि वाचायचा धीर होत नव्हता. वर्षश्राद्ध होऊ दे, मग वाचू, असं म्हणत गेले. वर्षश्राद्ध झालं, तरी धीर झाला नाही. आहेत ना जागेवर, एवढ्यावर ते झोपत.

जागेवर राहावीत म्हणून मात्र त्यांनी बाई होत्या तेव्हापासूनच डोळ्यांत तेल घातलं होतं. मशीन कधी दगा देईल सांगता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. प्रिंट काढायच्या तर शनवारा चौकातल्या इंटरनेट कॅफेत जावं लागणार, आणि बायकोची पत्रं चारचौघांत कागदावर सरसर बाहेर येणार. छे, ते शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी सुरेशला विचारलं. सुरेश म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर बसवून देणारा, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, दोन लेकरांचा बाप. पण विचारलं ते असं की, एखादी वस्तू फ्लॉपीवर कशी उतरवतात? कुठली वस्तू ते सांगितलं नाही. लाज वाटली. सुरेशने एक फोटो फ्लॉपीवर ओढून दाखवला आणि तो गेला.

बाबूंनी तसंच केलं. पडद्यावर मेलचं जे चित्र होतं, लिफाफ्याचं, ते धरलं आणि फ्लॉपीवर नेऊन सोडलं. आणि माणूस बघा किती सावध, तेवढ्यावर भरवसा ठेवला नाही. फ्लॉपीतलं चित्र दाबून बघितलं. मेल उघडलं, यादीत मालतीबाईंची सगळी पत्रं ओळीने उभी. जीव भांड्यात पडला. मग दर पहिल्या तारखेला हाच नेम. नवी फ्लॉपी, तिच्यावर क्रमांकाची चिठ्ठी, उतरवायचं, उघडून तपासायचं, पत्र एकही न वाचता बंद करायचं. फ्लॉप्या पस्तीस झाल्या. त्यांचा लाल कापडात बस्ता बांधून कपाटात, मालतीबाईंच्या लुगड्यांशेजारी.

दोन हजार सातच्या मे महिन्यात भारनियमनानंतर वीज आली ती एवढ्या जोराने की फ्रीजचा धूर निघाला आणि कॉम्प्युटर बंद पडला. सुरेशने उघडून कान लावला. आत हार्ड डिस्क टकटक वाजत होती. तो म्हणाला, संपली. बाबू मुळीच घाबरले नाहीत. उलट थोडे खूशच दिसले म्हणायला हरकत नाही. तेहतीस वर्षांची शिस्त आता कामाला येणार होती. दिवाळीला रजनी येणार होती, आईची पत्रं दोघांनी मिळून वाचायची असं ठरलं होतं. त्यांनी बस्ता काखोटीला मारला आणि सुरेशच्या दुकानात जाऊन काउंटरवर सोडला.

सुरेशने शेवटची फ्लॉपी घातली. चित्र दिसलं, लिफाफ्याचं, खाली कोपऱ्यात एक बारका बाण. दाबलं. पडद्यावर आलं की वस्तू सापडत नाही. त्याने दुसरी घातली, तिसरी घातली, आणि हळूच विचारलं,

“काका, तुम्ही बस हा लिफाफाच उचलून ठेवत होते का?”

मग त्याने समजावलं. हा लिफाफा म्हणजे पत्रं नव्हेत, पत्रं कुठे आहेत ते सांगणारी खूण. पत्रं होती डिस्कच्या पोटात, भलत्याच ठिकाणी. खूण दाबली की ती तिकडे बोट दाखवायची, तुमच्याच मशीनमध्ये. म्हणून घरी दर वेळी उघडायचं. बाबूंना फोड करून सांगायची गरज नव्हती. बस्त्याला बांधलेली नावाची चिठ्ठी असते, ती तेवढी सोडून आणावी आणि बस्ता आगीत राहावा, तसं झालं होतं. आणि हे कुणी केलं, तर दिगंबरबाबूंनी.

तरी ते म्हणाले, उरलेल्या घाल. सुरेश म्हणाला, काका, सब में वही निकलेगा. बाबू म्हणाले, घाल. दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं होतं, पण त्याने पस्तीसच्या पस्तीस घातल्या. दर वेळी घरघर, दर वेळी तो लिफाफा, दर वेळी तेच वाक्य. बाबू स्टुलावर बसून प्रत्येकीचा क्रमांक वाचत होते. पस्तिसावी बाहेर आली तेव्हा त्यांनी त्या पुन्हा क्रमाने लावल्या आणि कापडाची गाठ मारायला गेले. गाठ बसेना. शेवटी ती सुरेशने मारली.

त्याने करायचं ते सगळं केलं, त्याला बोल लावता यायचा नाही. डिस्क इंदूरला पाठवली, तिथून आत चरे पडलेत असा निरोप आला. वर इंटरनेटच्या कंपनीकडे काही उरलं असेल का? नव्हतं, पत्र घरच्या मशीनमध्ये उतरलं की वरून पुसलं जाई. मग राहिलं मालतीबाईंचं तिकडचं खातं. बाबूंनी रजनीला फोन लावला, सगळं सांगितलं. ती रडत म्हणाली की आईचं खातं फुकटातलं होतं, कुणी उघडलं नाही तेव्हा ते बंद झालं, आतलं सगळं गेलं. मला काय माहीत, बाबा, मला वाटलं तुमच्याकडे आहेत. तुमच्याकडून काही हरवत नाही ना.

दिवाळीला ती आली. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, बाबा, ते रजिस्टर तरी काढा. बाबूंनी काढलं, चष्मा लावला आणि पहिल्या नोंदीपासून वाचायला लागले. ऑफिसची हिंदी लेकीसमोर नको वाटली, म्हणून मराठी करून सांगत होते. क्रमांक चार, गॅसची नळी बदलण्याबाबत, कार्यवाही केली. क्रमांक नऊ, लोणच्याची बरणी उन्हात ठेवण्याबाबत, कार्यवाही केली. क्रमांक बावीस, डाव्या डोळ्यात थेंब घालण्याबाबत. रजनी डोळे पुसत हसली. हे आईचंच, म्हणाली.

पण मधल्या नोंदी बाबू गाळत होते, ते तिच्या लक्षात आलं. तिने रजिस्टर आपल्याकडे ओढलं. पान उलटलं, आणखी एक उलटलं. जिथे बाईंनी काही काम सांगितलं होतं, तिथे विषय होता. जिथे काहीच काम नव्हतं, जिथे ती बाई पानभर नुसतं नवऱ्याशी बोलली होती, तिथे विषयाच्या रकान्यात एकच शब्द, विविध. खाली विविध. त्याखाली विविध. बाबूंच्या सुबक, सरळ अक्षरात, शाईचा कुठे डाग नाही.

तिने एकसष्ट क्रमांकावर बोट ठेवलं. तारीख तिच्या मुलाच्या जन्माच्या रात्रीची होती. त्या रात्री हॉस्पिटलातून येऊन आई पहाटेपर्यंत लिहीत बसली होती, हे नवऱ्याने तिला पुढे सांगितलं होतं.

“काय लिहिलं होतं आईने, बाबा? काहीतरी आठवत असेल.”

बाबूंनी डोळे मिटले. मनातला एकेक बस्ता चाचपडून पाहिला. त्या दिवशी खंडव्याचा तिसरा ट्रक आला होता, तो आठवला. बस्ते एकूण दोनशे बारा होते, तेही आठवलं. पत्र लांब होतं, एवढंच आठवलं; लांब आहे म्हणून शेवट त्यांनी वरवर वाचला होता.

“पुढच्या रकान्यात काही आहे?” रजनीने विचारलं. ती हिंदी शिकली होती, तिला वाचता येत होतं. तरी तिने त्यांच्याकडेच बघितलं.

बाबूंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि वाचून दाखवलं.

“कार्यवाही आवश्यक नाही.”