दाजींचा गुडघा आणि मेहुण्याचा पाय

आमच्या शेजारी फरशी बसवणारे एक गृहस्थ राहतात. सगळी गल्ली त्यांना दाजी म्हणते. दाजी ते एकाच माणसाचे, त्यांच्या मेहुण्याचे. पण तो दिवसभर "दाजी, ओ दाजी" असा काही पुकारा करायचा की आधी दुकानदाराने ते नाव उचललं, मग पोस्टमनने, आणि शेवटी मीसुद्धा. मी तर दाजींच्या बापाच्या वयाचा! पण तोंडात बसलं ते बसलं.

मेहुणा आंधळा. जन्मापासून नाही, ऐन विशीत आजारपणात डोळे गेले. बहिणीकडेच राहतो, आणि पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींचे फोन घेतो. "दिवसभर लोक माझ्या कानात शिव्या ओततात," तो म्हणायचा, "सकाळी पळून आलो की कान रिकामे होतात."

हो, पळायचा! कालव्याकाठच्या मातीच्या रस्त्यावर दोघं जोडीने पळायचे. एक जाड नाडी, तिच्या दोन टोकांना दोन फास. एक दाजींच्या उजव्या मनगटात, एक मेहुण्याच्या डाव्या. पावलं अशी जुळवलेली, की आतल्या बाजूचे दोन्ही पाय एकदम पडायचे. पळणं आम्हालाही माहीत होतं म्हणा. आमच्या शाळेत शर्यत म्हणजे मास्तरांची गाय सुटली की अख्ख्या वर्गाने तिच्यामागे सुटायचं, आणि पहिला नंबर दर वेळी गायीचा. पण या दोघांचं पळणं बघत राहावं असं होतं.

"पुढे कुत्रं आहे," दाजी सांगायचे.

"केवढं?"

"मोठं आहे. भुंकत नाही, नुसतं रोखून बघतंय. तुझ्या ताईसारखं."

"मग लांबून घ्या, दाजी. चावेल!"

एकदा मी त्याला विचारलं, एवढी धडपड कशाला? हसत होता, एकदम थांबला. म्हणाला, "आजोबा, डोळे गेल्यापासून प्रत्येक जण माझं कोपर धरतो आणि मला हळू चालवतो. पायरी आहे, खड्डा आहे, हळू. मला जोरात नेणारा एकच माणूस आहे."

त्याच माणसाचा गुडघा दुखायला लागला.

दाजींचा धंदाच गुडघ्यांवरचा. फरशी बसवायची म्हणजे दिवसभर रांगायचं, रबरी हातोडीने ठोकायचं, लेव्हल बघायची, पुढे सरकायचं. आधी उठताना कळ यायला लागली, मग जिना उतरताना. पळताना सुरुवातीला दुखायचं, अंग तापलं की कमी व्हायचं, आणि घरी आल्यावर गुडघा पावासारखा फुगायचा. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी बजावलं, पळणं महिनाभर बंद.

"त्याला सांगू नकोस," दाजी बायकोला म्हणाले.

"अहो, एक महिना तर थांबायचंय!"

"महिना थांबलो की तो म्हणेल, जाऊ दे दाजी, तुम्हाला त्रास. आणि पुन्हा पळायचं नावसुद्धा काढणार नाही. मी ओळखतो त्याला."

मग गोळी गिळायची, मलम चोळायचं आणि निघायचं. मेहुण्याने मलमाचा वास ओळखला, तर म्हणाले, "कंबर धरलीय, कामामुळे." उजवा पाय मात्र हळूहळू आखूड आणि हलका पडायला लागला.

असे काही महिने गेले, आणि एका सकाळी पुलाच्या अलीकडे मेहुणा ओरडला आणि खाली बसला. त्याचाही उजवाच गुडघा. घरी येताना दोघं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून लंगडत होते. दुकानदार हसून विचारतो, "कोण कोणाला आणतंय?" दाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मुकाट्याने खुर्ची बाहेर आणली.

फिजिओबाईंकडे मीही सोबत गेलो. त्यांनी दोघांना खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं. मग मेहुण्याला म्हणाल्या, "यांचं दुखणं तुम्ही घेतलंत." आम्हाला वाटलं, बाई गंमत करताहेत. पण बाईंचा चेहरा गमतीचा नव्हता. नाडी बांधलेली, पावलाला पाऊल जुळवलेलं. दाजी आतला पाय उडता टाकायचे, म्हणून मेहुणाही आपला आतला पाय तसाच टाकायचा. मग सगळा भार त्याच्या बाहेरच्या पायावर. इतके महिने तो भार सोसून गुडघ्यातली गादी फाटली होती. धडधाकट माणूस लंगडत पळत राहिला, दुसऱ्याचं लंगडणं!

घरी दाजी डोकं धरून बसले. "मला सांगायला हवं होतं."

"मला माहीत होतं," मेहुणा म्हणाला.

"काय?"

"कंबरेच्या मलमाचा वास गुडघ्यातून येतो होय, दाजी?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही थांबला असता."

ताई तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला सदरा तिने तसाच जमिनीवर टाकला. "शाब्बास! एकमेकांची काळजी घेऊन दोन गुडघे घालवलेत. माझी काळजी कोणी घेतली?" आणि आत निघून गेली.

पुढचे महिने मी त्यांच्याकडे गेलो की दोघं जमिनीवर शेजारी शेजारी उताणे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबायची, सोडायची. पाय सरळ उचलायचा, धरून ठेवायचा. "दाजी, पाय उचललाय का?" "उचललाय." "ताई, खरंच उचललाय का?" दाजींचा गुडघा पळण्यातून कायमचा गेला. रांगणंही संपलं, आता बुटक्या स्टुलावर बसून दुसऱ्यांनी बसवलेल्या फरशीच्या फटी भरतात.

मेहुण्याच्या मांडीत मात्र जोर आला. बाईंनी हळू पळायची परवानगी दिली, जोडीला पळण्याची सवय असलेल्या एक शिक्षिका मिळाल्या. पण फिजिओबाईंची ताकीद होती. "पाऊल पुन्हा तसं पडायला लागलं तर त्या क्षणी थांबायचं. गादी परत फाटली तर चालायलाही काठी लागेल. आणि त्यांचं त्यांना कळणार नाही, पायाला तीच चाल बरोबर वाटते. कोणीतरी बघायला हवं."

बघायला दाजी. कालव्याच्या कठड्यावर बसून राहायचे. काही आठवडे छान गेले. मेहुणा त्या शिक्षिकेलाही कुत्र्यांवरून हसवायला लागला.

मग एक दिवस पुलावरून वळून येताना दाजींना मेहुण्याचं डोकं एका बाजूला बुडताना दिसलं. एका पावलाला वर, एका पावलाला खाली. शिक्षिकेच्या लक्षात आलं नव्हतं. आणि मेहुण्याच्या तोंडावर असा आनंद, की दाजी नंतर मला म्हणाले, "आजोबा, वाटलं, बघितलंच नाही असं समजावं." पण ते उठले आणि ओरडले, "थांब!"

"काय झालं?"

"पाऊल."

"आजच्या दिवस, दाजी. घरापर्यंत."

"नाही."

"तुम्हाला नीट दिसलं नसेल."

"दिसलं."

मेहुण्याने मनगटातला फास काढला आणि शिक्षिकेच्या हातात दिला. दाजींनी कोपर धरलं, ते त्याने झटकलं, आणि दोन पावलांवर खड्ड्यात पाय गेला तेव्हा पुन्हा धरू दिलं. विश्रांती घेऊन त्याने नंतर दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा थोडं दमला की पाय त्याच जुन्या चालीवर. दोन्ही वेळा दाजींनीच थांबवलं. तिसऱ्यांदा फिजिओबाई म्हणाल्या, आता नको.

तो चालतो चांगला. काठी नाही, कळ नाही. सकाळी ताई त्याचं कोपर धरून बसथांब्यापर्यंत सोडते, हळू. कचेरीत म्हणे हल्ली शिव्या देणाऱ्यांना उलट शिव्या देतो. दोनदा साहेबांनी बोलावून समज दिली.

दाजींशी बोलत नाही. परवा मी जेवायला होतो. मेहुणा म्हणाला, "ताई, त्यांना सांग, मीठ." दाजींनी बरणी त्याच्या हाताशी सरकवली. त्याने चिमूट घेतली, झाकण चाचपून लावलं, आणि बरणी माझ्याकडे दिली.