पिशवीचा पायगुण

तेलगाव सोडलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. मधूनच उसाचे फड, मधूनच नुसती काळी रानं. बीडमार्गे पुण्याला परतायचं होतं, घाई कसलीच नव्हती. वडवणीच्या अलीकडे एका वस्तीवर डिट्टो माझ्यासारखीच मोटारसायकल दिसली. लांबच्या प्रवासाची, उंच सीटची, राखाडी. एवढ्या दूर आपल्या गाडीची जुळी बहीण भेटल्यावर कोण पुढं जाईल? मी थांबले.

त्या गाडीच्या हँडलला लिंबू-मिरची होती, चाकाला काळा दोरा होता. शेजारी जरीची साडी नेसलेली सुनीता, डोळे रडून लाल. तिचा नवरा गणेश हातात किल्ली घेऊन नुसता उभा, आणि ओट्यावर त्याची आई.

"काय झालं हो?" मी विचारलंच. नसत्या चौकशा करायची मला खोडच आहे.

"हिच्या भावाच्या पोराचं बारसं हाय आज, शिरूर कासारला," गणेश म्हणाला. "ही एकुलती आत्या. नाव हिनंच ठेवायचं. पन आई सोडंना."

"का म्हनून सोडू?" मावशी कडाडल्या. "ही मागं बसली की गाडी बंद पडती. ह्यो एकटा गावभर हिंडतो, तवा काय होत न्हाई. हिचा पायगुणच तसा. असल्या पायानं बारशाला जायचं?"

लग्न झाल्यापासून ऐकून ऐकून सुनीतालाही ते खरं वाटायला लागलं असावं. मला मात्र अशी चीड आली म्हणता!

"मावशी, माझीपण बंद पडायची," मी म्हणाले. "मग कंपनीचा निरोप आला, गाड्यांत दोष आहे, परत आणा, फुकट दुरुस्त करून देतो. तशी मी करून आणली. मागच्या सीटखालची वायर चेपते. मागं वजन असलं आणि खड्डा आला की इंजिन गप्प!"

गणेशनं गाडी जुनी घेतलेली. निरोप पहिल्या मालकाच्या फोनवर गेला असणार, याला कोण सांगतो?

मावशींनी डोळे बारीक केले. "तुज्या मागं कोन बसायचं गं?"

"कुणी नाही. ही कपड्यांची पिशवी."

"पिशवी?"

"हो. आता पिशवीला कुठला आलाय पायगुण!"

सुनीता फिसकन हसली. मावशी नाही हसल्या. उठल्या, पदर खोचला. "चल रे गनेशा, मला बसव."

त्या गाडीवर त्या कधीच बसल्या नव्हत्या. 'लई उंच घोडं हाय' म्हणून जीपनं जायच्या. गणेशनं हळूहळू गाडी काढली. कडुनिंबापाशी चाक खड्ड्यात गेलं, दणका बसला आणि गाडी जागच्या जागी बंद.

मावशी तशाच वर बसून राहिल्या. आता काहीतरी सबब सांगतील असं मला वाटलं.

"लई बोलले मी पोरीला," त्या म्हणाल्या. "उगंच बोलले."

मग एकदम घाई उडाली. बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ल्याशिवाय मावशी मला सोडेनात. शेजारच्यांचं हेल्मेट मागून आणलं. सुनीता माझ्या मागं बसली, पिशवी तिच्या मांडीवर. गणेश एकटा त्याच्या गाडीवर, बीडच्या शोरूमकडे.

पहिल्या गतिरोधकाला सुनीताची बोटं माझ्या खांद्यात रुतली. "बंद न्हाई पडली!" ती ओरडली. दुसऱ्याला तेच. बीड मागं पडलं तेव्हा ती ओरडायची थांबली आणि उघडी माळरानं बघत माहेरच्या गमती सांगायला लागली.

शिरूरला पाळणा सजवून सगळे तिचीच वाट बघत होते. तिनं बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. कौतुकानं वाकून बघायला गेले, तर दोन मलाही बसले. चांगलेच सणसणीत होते.

पुण्यात आल्यावर पिशवी रिकामी करताना मला मावशी आठवत राहिल्या. कंपनी गाड्या परत बोलावते, आमचं चुकलं म्हणते. माणसाला तेवढं म्हणायला किती जड जातं! आणि या बाईनं ते भर वस्तीत, गाडीवर बसल्या बसल्या म्हटलं होतं.

काही दिवसांनी गणेशचा फोन आला. वायर बदलून मिळाली होती.

"आई म्हनली, पयली फेरी सुनीताची," तो सांगत होता. "सगळ्या वस्तीसमोर बसवली तिला. पार वडवणीपर्यंत गेलतो, ताई. कुटंच बंद न्हाई पडली."