दार उघडल्यावर समोर काय?

कुलपं उघडून देणं हा त्याचा धंदा आणि संशय घेणं हा स्वभाव. बाजारात सगळे त्याला शंकासुर म्हणत, तेही तोंडावर. चहाचा घोट घेण्याआधी तो बायकोला विचारी, "साखर घातलीस ना?" ती म्हणे, "पिऊन बघा की! कप तुमच्याच हातात आहे." पण पिऊन बघणं वेगळं आणि आधी खात्री असणं वेगळं, असं त्याचं म्हणणं.

स्वभाव जन्मजात नव्हता. एकदा एका गोडबोल्या माणसाला त्यानं घर उघडून दिलं आणि घर त्या माणसाचं निघालंच नाही. मालक परतले तेव्हा आत फक्त पडदे उरले होते. दिवसभर चौकीत बसून आल्यावर त्यानं कानाला खडा लावला. तेव्हापासून हत्यारांची पिशवी उघडण्याआधी तो गिऱ्हाइकाला विचारायचा, "दार उघडल्यावर समोर काय दिसतं?"

यात मेख अशी, की जो अडखळेल तो पास. स्वतःच्या घराकडे कोण निरखून बघतं? खरा मालक डोकं खाजवतो, "खुर्ची... नाही, टेबल... थांबा हं" म्हणतो. चोर मात्र घोकून आलेला असतो. या शोधावर स्वारी भलतीच खूश होती.

त्या दुपारी तिसऱ्या मजल्यावर एक बाई घामाघूम होऊन उभी होती, हातात औषधांची पिशवी.

"काका, लवकर उघडा. औषधं आणायला खाली गेले आणि किल्ली आतच राहिली. सासरे एकटे आहेत, दार उघडत नाहीयेत. हाका मारून घसा बसला माझा."

"समोर काय दिसतं?"

"डावीकडे चपलांचं कपाट. त्याला चिकटून खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल. उजवीकडे स्टूल, त्यावर पाण्याचा जग, झाकण घातलेला. आता उघडता?"

सगळं एका दमात. शंकासुराच्या मनात पाल चुकचुकली.

आणि मनाचं असं असतं, की त्याला 'माहीत नाही' ही जागा रिकामी ठेववत नाही. ते लगेच गोष्ट रचतं आणि मग मिळेल ते तिच्यात कोंबतं. हिला घाम का आला? चोरीची घाई. औषधं? सोंग. शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप? म्हणून तर ही वेळ गाठली! तिनं फोन लावून नवऱ्याला बोलायला दिलं, तर हा म्हणाला, "फोनवर काय, कोणीही बोलेल. त्यांना इथं येऊ द्या."

"अहो, त्यांना यायला वेळ लागेल! बाबांना काय झालंय कोण जाणे!"

"आत कोणी असतं, तर उघडलं नसतं का?"

"चोर वाटते मी तुम्हाला?"

"वाटत नाही. पण खात्रीही नाही."

ती मटकन पायरीवर बसली आणि रडू लागली. हेही नक्राश्रू, असं त्यानं ठरवून टाकलं. मग तिचं रडणंही थांबलं, आणि जिन्यात शांतता पसरली तेव्हा आतून आवाज आला. फरशीवर कोणीतरी हळूहळू बोटं आपटत होतं.

शंकासुरानं घाईघाईनं पिशवी उघडली आणि कुलूप चटकन निघालं.

आत सगळं तिनं सांगितलं तसंच होतं. फक्त खुर्ची आडवी झाली होती आणि तिच्याशेजारी म्हातारा पडला होता, पाय अंगाखाली मुडपलेला. डोळे उघडे, पण नजर कुठेच लागत नव्हती. तो आंधळा होता. ज्या घरात एकाला दिसत नाही, तिथे कुठलीच वस्तू बोटभरही हलवत नाहीत आणि घरातल्या सगळ्यांना जागा तोंडपाठ असतात. शंकासुराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुनेनं जग उचलून सासऱ्याच्या ओठांना पाणी लावलं. "बाबा, अँब्युलन्स बोलावते हं."

"बरोबर कोण आहे?"

"कुलूपवाले काका."

म्हाताऱ्यानं त्याच्या दिशेला तोंड वळवलं. "पडल्यावर जरा शुद्ध नव्हती. मग तुमचं बोलणं ऐकू यायला लागलं. मी हाका मारत होतो, पण आवाज चढेना, आणि तुम्ही गप्प बसाल तर ना! हिला एवढं विचारलंत... दार वाजवून एकदा मला विचारायचंत की."