पूर्वेचे दोन मार्क

भूगोलाच्या सरांनी चौतीस वर्षं सूर्याला पूर्वेला उगवायला लावलं. लावलंच म्हणायचं, कारण या गृहस्थांनी तेवढ्या वर्षांत एकदाही मान वर करून तो नेमका कुठून येतो ते पाहिलं नव्हतं. सकाळी घंटा, मग तास, मग वह्यांचे गठ्ठे. वेळ होता कुणाला? पुस्तकात होतं, सरांना पाठ होतं, मुलांनी लिहायचं आणि मार्क घ्यायचे.

नववीतल्या एका मुलीने मात्र पेपरात लिहिलं, 'सूर्य बरोबर पूर्वेला वर्षातून दोनच दिवस उगवतो. बाकी तो सरकत असतो.' सरांनी लाल फुली मारली. मुलगी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. दर रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहून काढलेलं चित्रच तिने वर्गात आणलं. समोरच्या छपरांची रांग, आणि तिच्यावर तारखा घातलेले सूर्य. सरांनी कागद हातातही घेतला नाही.

"सूर्य तुमच्या खिडकीला विचारून उगवतो का गं?"

वर्ग खो खो हसला. सरांना स्वतःचा हा विनोद इतका आवडला, की पुढे दरवर्षी नव्या तुकडीला त्यांनी तो ऐकवला. मुलीने कागदाची घडी घातली आणि पुन्हा कधी हात वर केला नाही.

निवृत्तीनंतर सरांना घराची गॅलरी सापडली. चहाचा कप घेऊन रोज तिथे बसायचं, एवढाच उद्योग. थंडीत सूर्य उजवीकडच्या पाण्याच्या टाकीमागून यायचा. उन्हाळा तापला तेव्हा तो चांगला डावीकडे, लाँड्रीच्या पत्र्यांवरून वर आला. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग कठड्यावर खडूने खुणा करायला लागले.

"आता सूर्याची हजेरी घेता का?" बायकोने चिडवलं.

सरांना हसू आलं नाही. सगळ्या तुकड्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या, आणि सगळ्यांत पुढे ती. त्यांना फार लाज वाटली.

ती आता औषधाच्या दुकानात काउंटरवर असायची. सर रक्तदाबाच्या गोळ्या तिच्याकडूनच घेत. त्या दिवशी चिठ्ठी पुढे करतानाच ते म्हणाले, "तुझं उत्तर बरोबर होतं. सूर्य सरकतो. दोन मार्क मी उगाच कापले, आणि वर हसलो तुला."

गोळ्यांची पट्टी कापता कापता ती थांबली. मग हसली. "किती जुनी गोष्ट, सर! गंमत म्हणजे परवा माझी लेकही हेच म्हणत होती."

सरांचा चेहरा खुलला. "मग? काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, पुस्तकात आहे तेच लिही. नाहीतर मार्क जातात."

"मी घरी येतो. मी समजावतो तिला."

"नको, सर," ती घाईघाईने म्हणाली. "सोमवारी पेपर आहे तिचा. उगाच डोक्यात गोंधळ व्हायचा."

तिने गोळ्या पिशवीत घालून दिल्या आणि मागच्या माणसाची चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला. सर बाजूला झाले.