चादरी बदलू नका

आम्ही नवराबायकोने मिळून शेवटचं साधं काम केलं ते म्हणजे वाल सोलले. कोपरीतल्या आमच्या घरात, पलंगावर पेपर पसरून, मध्ये परात. मोड आलेला वाल ती दोन बोटांत दाबायची आणि डाळ टुणकन परातीत पडायची. परातीशेजारी तिचा फोन, स्पीकरवर टाकलेला. पलीकडे इगतपुरीच्या हॉटेलचा मॅनेजर.

"चार रात्री सलग राहणार आम्ही," ही त्याला सांगत होती. "एका रात्रीचा भाव चारदा लावलात, मग सलग राहून आमचा काय फायदा?"

"मॅडम, मधल्या वारांचा भाव लावलाय. शनिवारी आलात तर जवळजवळ दुप्पट."

"शनिवारी येतंय कोण? रविवारी दुपारी तुमची गर्दी उतरली की आम्ही चढणार."

हे वाक्य तिचं नव्हतं. साडूचं होतं. ऐकून माझ्या बोटांत वाल चिरडला.

साडू म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. डोंबिवलीला राहतो, सरकारी नोकरीतून रिटायर. मी चौथी शिकलेलो, वागळे इस्टेटला लेथवर जन्म गेला. हिला घेऊन गेलेलो कुठे, तर गावाला आणि देवाला. तो मात्र सारखा बायकोला घेऊन फिरणार आणि फॅमिली ग्रुपवर फोटो टाकणार. दोघांना एकसारख्या टोप्या. ही दोन बोटांनी फोटो मोठा करून बघायची. "बाल्कनी बघा ना केवढी."

"आपल्याला गॅलरी नाही काय?"

"आहे की. समोर बाथरूमचे पाइप दिसतात."

फिरतो ते मी सोसलं असतं. पण किती स्वस्तात फिरलो ते सांगायची त्याला खाज. घरी आला की चहा निवेपर्यंत भाषण. मोबाइलवर दिसतो तो एका रात्रीचा भाव, त्यावर टॅक्स चढतो, म्हणून सगळ्या रात्रींचा टॅक्ससकट आकडा विचारायचा. एक जरी शनिवार मध्ये आला तरी बिल फुगतं. मोबाइलवरून बुकिंग करणाऱ्या कंपनीला हॉटेल दलाली देतं, म्हणून भाव तिथे बघायचा आणि फोन थेट हॉटेलला लावायचा, दलालीतलं थोडं आपल्याला मिळतं. सलग राहणाऱ्याला ते सूट देतात, पण तोंडाने मागावी लागते. सगळं खरं निघायचं. तेच मला खुपायचं. आणि ही गालावर हात ठेवून ऐकायची. मी बोलताना अशी कधी बसली नाही.

शेवटी तीच म्हणाली, "इगतपुरीला जाऊ या. डोंगर, धुकं. कोकणातली बाई मी, समुद्र पुष्कळ बघितला."

मी म्हटलं, जाऊ, पण साडूला पडला त्यापेक्षा कमी भावात.

म्हणून पितृपक्षातले दिवस धरले. तेव्हा शुभ म्हणून कोणी बाहेर पडत नाही, हॉटेलं ओस. ती जरा थबकली. "पितृपक्षात हो?"

"पितरं काय इगतपुरीला येतायत बघायला?"

हसली. आणि त्या दिवशी फोनवर मॅनेजरने दोन भाव सांगितले. नाही गेलो तर पैसे परत मिळणारा, आणि न मिळणारा. दुसरा स्वस्त. साडू नेहमी पहिला घेतो. म्हणतो, आपल्या वयात काही सांगता येत नाही. मी फोनजवळ वाकून ओरडलो, "न मिळणाराच लाव रे. आम्ही येणार म्हणजे येणार."

मग हिने स्वतःच्या डोक्यातलं काढलं. "आणि रोज चादरी, टॉवेल बदलू नका. दोन म्हातारी माणसं, मळवून मळवणार किती? ते धुण्याचे पैसे कमी करा."

मॅनेजर मोठ्याने हसला. असं त्याला कोणी म्हटलं नसावं. चारही दिवस नाश्ता फुकट दिला, आणि हिच्या गुडघ्यांसाठी तळमजल्याची खोली. तिने फोनवरूनच पैसे भरले आणि मला म्हणाली, "हे काही तुमच्या साडूला सुचलं नसतं."

त्या रात्री मी बिरडं तीनदा वाढून घेतलं.

आठवडाभरात ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, मी रिक्षा आणली, हॉस्पिटलच्या दारात संपली. बायका जमल्या, म्हणाल्या, नशीबवान हो, अहेव गेली, कुंकवासकट गेली. असेल नशीबवान. मला कोणी काय म्हणावं ते कोणाला सुचेना.

तेराव्यानंतर साडू आणि मेव्हणी आली. जेवायच्या आधी मेव्हणीने पर्समधून गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने बघितलंही नाही, बोलता बोलता गिळली. मी त्या हाताकडे बघत राहिलो. माझी गोळी ही कपाच्या बशीत ठेवायची. आता आठवली तर घेतो.

जेवण झाल्यावर साडू म्हणाला, "दादा, ते इगतपुरीचे पैसे काही परत मिळणार नाहीत. पण नाव बदलून देतात कधी कधी. आम्ही दोघं जातो, तुम्ही भरलेले पैसे मी देतो. खोली रिकामी ठेवून काय मिळणार?"

हेही खरंच होतं.

"अहो, गप्प बसा ना," मेव्हणी त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "भाऊजी, ताईने मला चादरींचं सांगितलेलं. फोनवर हसतच होती किती वेळ."

ते आमच्या दोघांतलंच आहे असं मी धरून चाललेलो.

आणि त्याच चार दिवसांत अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईची तिथी. पहिल्या वर्षी श्राद्ध नाही, पण एक सवाष्ण जेवू घाला, असं भटजींनी सांगितलेलं, आणि ती सवाष्ण म्हणजे मेव्हणीच. मी तसं म्हटलं, तर साडू म्हणतो, "मग तिथेच जेवू की आम्ही ताईंच्या नावाने!"

म्हणजे तिच्या खोलीत राहायचं, तिच्या खिडकीतून धुकं बघायचं, आणि वर तिच्या नावाने जेवायचं. माझ्या अंगाची आग झाली. "उद्या सांगतो," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला, गोळी बशीत ठेवून घेतली आणि हिच्या फोनवरून इगतपुरीला फोन लावला.

"बोला मॅडम! येताय ना?"

"मॅडम वारल्या. मी येतोय."

तो हळू आवाजात म्हणाला, "काका, दुसऱ्या कोणाला पाठवायचं असेल तर नाव बदलून देतो."

"नाव तेच ठेव. एकटा आलो तर भाव कमी होतो काय?"

"नाही हो काका. भाव खोलीचा असतो, माणसांचा नसतो."

"बरोबर. नवमीला दुपारी डोंबिवलीची दोन माणसं कल्याणहून गाडी पकडून येतील. बाईंसाठी गोड कर. जेवून संध्याकाळी परत जातील. राहणार नाहीत."

हॉटेलातला स्वयंपाक चालतो का, ते भटजींना विचारलं नाही. हिने इगतपुरीसाठी काढून ठेवलेली कोरी साडी बॅगेत टाकली, ओटीत द्यायला. साडी मेव्हणीला जाईल. खोली नाही.

"आणि चादरी..." मी फोनवर म्हटलं.

"नाही बदलत, काका. लक्षात आहे."

मग डोंबिवलीला फोन लावला. साडूने उचलला.

"साडूभाऊ, फोन मेव्हणीकडे द्या. सवाष्णीचं आमंत्रण तिला द्यायचंय."