गाडीच्या खालून पाहिलेले मास्तर

त्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास फोन वाजला तेव्हा मी बिरड्याचे वाल सोलत होते. नंबर यांचा होता, पण आवाज एका मुलीचा. "काकू, मी सरांकडे गाडी शिकते..." एवढं बोलून ती रडायलाच लागली. पुढचं तुकड्यातुकड्यांनी कळलं. वसईत किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचा तास चालला होता. ती चालवत होती आणि हे नेहमीसारखे डावीकडे, त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असलेल्या जागेवर. "सर सारखे ओरडतात ना काकू... क्लच, क्लच, आरसा बघ, आरसा. आज बराच वेळ ओरडलेच नाहीत. मला वाटलं, मी चांगली चालवतेय." वळणावर पण ते काही बोलले नाहीत तेव्हा तिने मान वळवून पाहिलं. मग तिने सिग्नल दिला, गाडी बाजूला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, आणि नंतर किंचाळली. दिवसकार्याला आलेले लोक हेच पुन्हा पुन्हा सांगायचे. "बघा, जाताना पण एक विद्यार्थिनी पास करून गेले मास्तर." मीही ऐकायचे आणि रडायचे.

याला आता दीड महिना झाला. रविवारच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसावर लिहितात ते मी नेमाने वाचते. त्यात कोणी गेलेल्यावर चिडलेलं नसतं. म्हणून हे कुठे पाठवायचं नाही, माझ्यापाशीच ठेवायचं, असं ठरवून लिहायला बसलेय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर तेही तसंच गोड झालं असतं... कारण तोपर्यंत कळंबची हिराबाई घरी आली नव्हती.

आधी यांच्याबद्दल सांगते. लग्न झालं तेव्हा हे मुंबईला एका शेठकडे ड्रायव्हर होते. पुढे वसईत स्वतःचं मोटर ट्रेनिंग स्कूल काढलं, आणि सगळे यांना मास्तर म्हणायला लागले. शिकणाऱ्यांत बायका जास्त. शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या सिस्टर, वाडीतल्या सुना. मास्तर ओरडतात, पण त्यांच्यासोबत आपली मुलगी निर्धास्त पाठवावी, असं नाव होतं यांचं. हे सगळं खरं आहे आणि ते मी खोडणार नाही.

शेठच्या मुलाची एक निळी गाडी होती. बाहेरच्या देशातली, दोन दारांची, दोनच माणसांची आणि इतकी बुटकी की आमच्या तुळशीच्या कट्ट्यापेक्षा जेमतेम उंच. तिचे दिवे मिटलेले असायचे आणि बटण दाबलं की झाकण उघडावं तसे वर यायचे. मुलाने पावणेदोन लाख किलोमीटर पळवून ती सोडून दिली. मग ती त्यांच्या इमारतीखाली चाकं बसून उभीच राहिली. शेठ ती भंगारात देणार होते, ती यांनी टेम्पोला बांधून आमच्या वाडीत आणली. उजवा दिवा लगेच वर यायचा, डावा मागाहून. आमची शेजारीण म्हणायची, "शालू, तुझी सवत सगळ्यांना डोळा मारते गं!" हे तिला म्हातारी म्हणायचे. वसईची हवा खारी. म्हातारीला एका बाजूने बरं करावं तर दुसऱ्या बाजूने गंज धरायचा.

तिची सेवा आम्ही दोघांनी केली. हे बोलत नसत कोणाकडे, पण खालचं काम माझं होतं. यांचे हात दांडगे, इंजिनाच्या फटीत शिरत नसत. माझे बारीक. "शालू, तुझा हात म्हणजे दहा-बाराचा पाना आहे," असं म्हणायचे आणि मला फार बरं वाटायचं. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा छोटा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे गेले की आवळायचा. हे वर, मी खाली, पदर खोचून, गोणपाटावर आडवी. "दाबलंय." "हं." "सोडू?" "थांबा हो, अजून हवा आहे!" त्या एका कामात मी यांना थांबा म्हणू शकायचे. इंजिनाला लागणारं कागदाचं पॅकिंग बाजारात मिळेनासं झालं तेव्हा मी ब्लाउज बेततात तसं जुन्यावरून बेतून नवं कापलं, आणि ते गळलं नाही. पावसाळा संपला की आठ दिवस मी तिच्या पोटाला जळकं ऑइल फासत असे. माझ्या नखातलं काळं दिवाळीपर्यंत जायचं नाही.

लांबच्या फेऱ्या, नाशिक, गोवा, हे त्यांच्या गाडीवेड्या मित्रांबरोबर करायचे. माझ्या वाट्याला रविवारचं कळंब, समुद्रकाठचं. तेही निम्मं पायी. गाडी बुटकी आणि रस्त्यात गतिरोधक ढीगभर. दोघांच्या वजनाने पोट घासायचं. म्हणून प्रत्येक गतिरोधकाला मी उतरायचे, पुढे जाऊन वाकून बघायचे आणि हाताने खुणा करायचे, या, या, तिरकी घ्या, बास. ओलांडली की पुन्हा आत. लोक हसायचे. रिक्षावाला एकदा म्हणाला, "काकी, तुम्ही चालतच जा की, तुम्ही लवकर पोचाल!" मीटरवर तीन लाख होणार त्या रविवारी हे म्हणाले, "आज तू माझ्या बाजूला हवीस." मी सगळा रस्ता आकड्यांकडे बघत बसले. शेवटचा नऊ हलायला लागला आणि पुढे गतिरोधक आला. मी उतरले. मी खुणा करत असताना हे आत एकटेच ओरडले, "झाले, झाले, तीन लाख!" मी धावत येऊन वाकून पाहिलं तर शून्यांच्या शेवटी एक उमटायला लागला होता. आम्ही दोघं खूप हसलो तेव्हा. मी खरंच हसले होते.

गाडी आली त्याच्या दुसऱ्या वर्षी, कळंबला सुरूच्या झाडांखाली, मी यांना विचारलं होतं. मी सहसा काही मागत नाही, मला जमत नाही ते. काचेवरची वाळू पुसता पुसता, त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "अहो, मला शिकवाल का चालवायला?" हे हसले नाहीत. शहाळं पीत होते, ते खाली ठेवलं. म्हणाले, "शिकवलं असतं गं. पण लायसन्सला आठवी पास लागतं. तू चौथी. सरकारचा नियम, माझ्या हातात काय आहे?" मग शहाळं फोडून घेतलं आणि मलई माझ्यापुढे केली, "तू खा." माझ्या माहेरच्या गावी शाळाच चौथीपर्यंत होती. पुढच्या शाळेला खाडी ओलांडून जावं लागे, मुलींना कोणी पाठवत नसे. त्या दिवशी मलई खाताना मला माझ्या गावाचा राग आला, वडिलांचा आला, खाडीचा आला. यांचा आला नाही.

पुढे मुलगी मोठी झाली, लग्न होऊन पुण्याला गेली. तिची पाचवी ते आठवीची पुस्तकं माळ्यावर होती. ती मी खाली काढली. बाहेरून आठवीची परीक्षा देता येते असं ऐकलं होतं. यांना सांगितलं, का ते पण सांगितलं. "आठवी झाले की मग अडचण नाही ना?" यांनी खिशातली किल्ली काढली आणि पुन्हा खिशात ठेवली. मग म्हणाले, "कर की. चांगलंच आहे." दुसऱ्या दिवशी सहा वह्या आणि माझ्यासाठी वाचायचा चष्मा घेऊन आले. तीन वर्षं मी दुपारची भांडी झाली की बसायचे. मराठी येऊ लागलं, इतिहास आवडू लागला. आज हे लिहितेय ते त्याच तीन वर्षांमुळे. पण इंग्रजी अडलं, आणि सातवीच्या गणितात त्रिकोण आले तिथे मी थांबले. एका दुपारी यांनीच पुस्तक हळूच मिटलं. "बस कर आता शालू, डोळे जातील." मला वाटलं, किती जपतात.

हे गेल्यावर विसाव्या दिवशी दारात एक पांढरी गाडी थांबली आणि त्यातून माझ्याच वयाची एक बाई उतरली. नाकात मोठी नथ, हातात पापलेटांची पिशवी. "बाय, मी कलंबची हिराबाई. मला कोनी सांगलंच नाय गो. काल बाजारात कललं." मास्तरांनी गाडी शिकवली म्हणाली. मुलगा बोटीवर असतो, त्याने गाडी घेतली, चालवते ही. खूप रडली, मग चहा प्यायला बसली. अंगणातल्या निळ्या गाडीकडे बघून म्हणाली, "आता तूच चालवत असशील ही?"

"मला नाही येत."

"चल! मास्तरची बायको नि गाडी येत नाय?"

मी मान खाली घातली. "माझं शिक्षण कमी आहे."

ती एवढ्या मोठ्याने हसली की पिशवीवरची माशी उडाली. "शिक्शान! अगो, मला तिसरीत बाईनं छडी मारली नि मी शालेच्या मागं खाडीत उडी टाकली, ती परत शालेत गेली नाय."

"पण आठवी पास लागतं ना लायसन्सला?"

"कोन बोलला? मी पन हेच विचारलं व्हतं. मास्तरच बोलले, हिराबाई, गाडी तुझी सोताची, तुला शाला-बिला काय लागत नाय. ते टेम्पो-टॅक्सीवाल्यांला."

कोणत्या वर्षी, ते मी विचारलं. तिच्या धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणाली. मी हिशेब लावला. त्या वर्षी मी सातवीचे त्रिकोण काढत होते.

तरी मला वाटत राहिलं की हिचं काहीतरी चुकत असेल. गाडी माझ्या नावावर करायला चंदनसारला आरटीओत जायचंच होतं. हिराबाईच घेऊन गेली. रांगेत मी तो एक प्रश्न तोंडातल्या तोंडात घोळवत राहिले. कागद देऊन झाल्यावर खिडकीतल्या मुलीला विचारलाच. ती वरही न बघता म्हणाली, "मावशी, खासगी गाडीला शिक्षणाची अट कधीच नव्हती. बॅजवाल्यांना होती, ती पण काढली आता. कोणासाठी विचारताय?"

"माझ्यासाठी."

मागचे चार जण माझ्याकडे बघायला लागले. मला कान गरम झालेले कळले, पण मी खिडकी सोडली नाही. "मला पहिल्यापासून मिळालं असतं का?" असं पुन्हा विचारलं. आता तिने वर पाहिलं. "हो मावशी. कधीही."

येताना मी रस्त्यातले गतिरोधक मोजत बसले. हिराबाईच म्हणाली, "पुरुषमानूस घाबरतो गो. बायकोच्या हातात गाडी दिली तं ती जाईल कुठं, म्हनून." मी कुठे जाणार होते? फार तर कळंबला. आणि घाबरणारा माणूस शेकडो बायकांना रस्त्यावर सोडेल का? मग मी वर बसायला लागले तर खाली गोणपाटावर कोण झोपणार, याची काळजी होती का? की त्या दिवशी सुरूखाली सहज तोंडातून निघून गेलं आणि मग परत घेता आलं नाही? विचारायला माणूस नाही. नाही म्हणाले असते तर मी दोन दिवस रुसले असते आणि विसरले असते. यांनी नियमाचं नाव घेतलं, म्हणून मी माझ्या चौथीवर रुसले, आणि ते रुसणं आजवर चाललं. सहा वह्या आणून दिल्या... त्या वह्या आणताना काय वाटत असेल त्यांना? चष्मा निवडताना? आता प्रत्येक मायेची गोष्ट बाहेर काढून पुन्हा उलटीसुलटी करून बघावी लागते. त्यातल्या काही खऱ्याच असणार, पण कुठल्या ते कळायला मार्ग नाही. यांच्या फोटोला मी रोज हार घालते. रडूही येतं. ते यांच्यासाठी की माझ्यासाठी, ते ठरवता येत नाही.

लर्निंग लायसन्स गेल्या आठवड्यात आलं. हिराबाई म्हणाली, "मास्तरनं शिकवलं तशीच शिकवते तुला, शिव्या पन त्याच देते." पांढऱ्या गाडीवर शिक म्हणत होती. मी निळीच म्हटलं. ती डावीकडे बसली आणि मी पहिल्यांदा उजवं दार उघडून आत बसले. माझे पाय कुठेच पोचत नव्हते. सीट पुढे घ्यायची दांडी ओढली, हलली नाही. दोघींनी मिळून ओढली, तरी नाही. मग मी बॅटरी घेऊन खाली वाकून पाहिलं. सीट ज्या दातेरी पट्टीवरून पुढेमागे सरकते ती पट्टी गंजून एकजीव झाली होती. या गाडीच्या बिजागऱ्या, दिव्यांच्या मोटरी, वायपर, मी तेल घातलं नाही अशी वस्तू नाही. ही पट्टी माझ्या हाताखाली कधी आलीच नाही. सीट यांच्या लांब पायांच्या मापाला एकदा लागली होती आणि ती कोणासाठी सरकवायची वेळच आली नव्हती. पाठीच्या जागी यांच्या पाठीचा खळगा आहे. त्याला अजून यांच्या खोबरेल तेलाचा वास येतो.

"पाठीला उशी लाव," हिराबाई म्हणाली.

मी नको म्हटलं. रोज सकाळी चहा झाला की मी पट्टीवर तेल सोडते, थोडं मुरू देते, लाकडी ठोकळ्याने ठोकते आणि खांदा लावून ढकलते. पाच दिवस काही झालं नाही. काल कट् असा आवाज आला आणि सीट एक दात पुढे आली. मी बसून पाहिलं. क्लचला अंगठा लागतो. पूर्ण पाऊल टेकायला अजून तीन दात हवेत.