पसरलेलं पीठ

कलादालनातल्या त्या चित्रासमोर मी तिसऱ्यांदा उभा होतो. जमिनीवर एक पेटती पणती, शेजारी उचलून ठेवलेली बांबूची टोपली आणि खाली पसरलेला पांढरा रंग. त्या पांढऱ्याला ‘शांततेचा अवकाश’ म्हणत मी एका मासिकात दोन पानं लिहिली होती, आणि ती मला फार आवडलीही होती.

झाडू मारणाऱ्या मावशी जवळ येऊन थांबल्या. “या घरात कोण गेलं असंल हो?”

“गेलं म्हणजे?”

“ते पीठ नाही का पसरलंय? माणूस गेला त्या जागी पीठ पसरायचं, दिवा लावायचा, वर टोपली झाकायची. सकाळी टोपली उचलून बघायचं, पाऊल कुणाचं उमटलंय. पाखराचं असलं, तर पाखराच्या जन्माला गेला.”

माझी दोन पानं आठवून मला लाज वाटली. चित्रात काय आहे तेच ठाऊक नसताना मी अर्थ सांगत सुटलो होतो.

मावशींनी डोक्यावर पदर घेतला आणि वाकून बघितलं. मीही वाकलो. पांढऱ्यात एक पाऊल होतं, आजवर मला कधीच न दिसलेलं. माणसाचं, लहानसं. त्याची टाच पणतीकडे होती आणि बोटं आमच्याकडे.